नागसेनवनातला पहिला तास

१९५० च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणी भागात, जुन्या इमारतींमध्ये, एक महाविद्यालय सुरू झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली मुंबईत स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे दुसरं महाविद्यालय. पहिलं, सिद्धार्थ, १९४६ मध्ये मुंबईत निघालं होतं. मुंबईत महाविद्यालयं आधीही होती. मराठवाड्यात मात्र मॅट्रिकच्या पुढे फार तर इंटरपर्यंतची सोय होती. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. परभणी, नांदेड, जालन्याकडची मुलं मीटरगेजच्या गाडीने, वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन येत. त्यांतल्या बहुतेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस होतं.

या शहरात गावाकडून आलेलं मूल महाविद्यालयाच्या पहिल्या तासाला बसतं तेव्हा त्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, हा या लेखाचा विषय आहे. आज छत्रपती संभाजीनगर म्हटल्या जाणाऱ्या या शहरात महाविद्यालयं पुष्कळ आहेत आणि दर जुलैमध्ये मराठवाड्याच्या सगळ्या तालुक्यांतून मुलं-मुली इथे उतरतात. प्रवेश किती झाले, जागा किती रिकाम्या राहिल्या, याचे आकडे ठेवले जातात. पहिल्या महिन्यात मुलाला वर्ग कसा वाटला, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पुढची तीन-चार वर्षं कशी जाणार हे त्या पहिल्या महिन्यातच बरंचसं ठरतं. ते ठरतं एका साध्या गोष्टीवरून: या वर्गात आपण प्रश्न विचारू शकतो, असं त्या मुलाला वाटलं की नाही.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

१९२३ मध्ये औरंगाबादला उस्मानिया विद्यापीठाचं इंटरमिजिएट कॉलेज निघालं. उस्मानियाची शिकवण्याची भाषा उर्दू होती. भौतिकशास्त्रापासून इतिहासापर्यंत सगळं उर्दूतून शिकवणारं ते विद्यापीठ हा भारतीय शिक्षणातला मोठा प्रयोग होता, यात शंका नाही. बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक हे या औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम त्यांनी अनेक वर्षं याच शहरातून केलं. पण घरी मराठी बोलणाऱ्या, उर्दू फक्त शाळेच्या पुस्तकातून भेटलेल्या मुलासाठी पहिला तास म्हणजे आधी भाषेची परीक्षा आणि मग विषय, असं होतं. १९३८ मध्ये याच कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला. ते लोण हैदराबादपर्यंत गेलं, शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना सामावून घेतलं. हैदराबाद संस्थानात नव्या पिढीने विचारलेल्या पहिल्या जाहीर प्रश्नांपैकी हा एक, आणि तो एका वसतिगृहातून उठला.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाने इंग्रजीची वाट धरली. म्हणजे छावणीतलं ते महाविद्यालय सुरू झालं तेव्हा मराठवाड्यातल्या मुलापुढे तीन भाषा होत्या: घरची मराठी, शाळेतली उर्दू आणि आता कॉलेजातली इंग्रजी. त्यावर गरिबी. त्यावर जात.

पहिल्या वर्गाचा अनुभव काय असतो, हे बाबासाहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती. १९०७ मध्ये मॅट्रिक होऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पुढे सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिक्षण चालू राहिलं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात त्या कॉलेजची दोन चित्रं आहेत. एक, प्रा. म्युलर यांचं: ते या विद्यार्थ्याला पुस्तकं देत, कपडेही देत. दुसरं, कॉलेजातल्या उपाहारगृहाच्या चालकाचं: तो त्यांना चहा काय, पाणीही देत नसे. वर्ग तोच, कॉलेज तेच. एक माणूस दार उघडतो आणि दुसरा पाण्याचा पेला मागे घेतो. अशा ठिकाणी विद्यार्थी वर्गात गप्प बसला तर त्याला बुजरा कसं म्हणायचं?

१९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे सेलिग्मन, जॉन ड्यूई अशा प्राध्यापकांपुढे बसून शिकताना त्यांना जे मिळालं, त्यात अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान तर होतंच. पण शिक्षकाशी वाद घालता येतो, आणि तो घातल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, हेही होतं. औरंगाबादच्या माळावर महाविद्यालय उभं करताना हे दोन्ही अनुभव त्यांच्या मनात असणार, असं ती रचना पाहून मला वाटतं.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मुख्य इमारतीची कोनशिला बसली. परिसराचं नाव नागसेनवन, महाविद्यालयाचं नाव पुढे मिलिंद. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, पालीत मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद. राजा विचारतो, भिक्खू उत्तर देतो. त्यात एक प्रसंग असा आहे की, राजाने चर्चेची इच्छा सांगितल्यावर नागसेन आधी अट घालतो: पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजासारखी करणार असाल तर नको. पंडित एकमेकांना खोडून काढतात आणि कुणी रागावत नाही. राजाला खोडून काढलं तर तो शिक्षा फर्मावतो. महाविद्यालयाच्या वर्गासाठी यापेक्षा चांगला नियम मला तरी कुठे आढळलेला नाही. आणि इथे विद्यार्थ्याला राजाच्या जागी बसवलं आहे. प्रश्न विचारण्याचा मान त्याचा.

पण नुसत्या नावाने वर्ग बोलका होत नाही. नागसेनवनात वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय आणि खेळाचं मैदान एकाच आवारात आले. तासाला न समजलेलं संध्याकाळी वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुलाला विचारता येत होतं. पोटभर जेवण मिळत होतं, आणि तेही कुणाच्या पंगतीतून उठवलं जाण्याची धास्ती न बाळगता. प्राचार्य म. भि. चिटणीस हे स्वतः लिहिणारे होते. त्यांचं ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये इथे बाबासाहेबांसमोर झालं आणि दुसऱ्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी अफाट जनसमुदायापुढे. वर्गात तोंड उघडायला घाबरणाऱ्या मुलाला रंगमंचावर उभं करणं, हेही शिकवणंच असतं.

पुढच्या पिढीत अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं साहित्य अभ्यासून आलेले म. ना. वानखेडे इथे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे मराठी शिकवत होते. १९६७-६८ च्या सुमारास या परिसरातूनच ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं. दलित साहित्याच्या इतिहासात या त्रैमासिकाचं स्थान सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या विद्यार्थ्यांना वर्गात आपली भाषा, आपलं गाव, आपली भूक सांगण्यासारखी वाटत नव्हती, त्यांना त्यांच्याच शिक्षकांनी सांगितलं की हे लिहा, हे छापण्यासारखं आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आलं. आईबापांविना, बहिणीच्या आधाराने वाढलेला मुलगा शिकत शिकत औरंगाबादपर्यंत येतो, आणि पुढे याच नागसेनवनात इंग्रजीचा प्राध्यापक होतो. ज्या भाषेने पहिल्या तासाला त्याच्या पिढीला गप्प केलं होतं, तीच भाषा तो आता पुढच्या मुलांना शिकवत होता.

आता आजचा जुलै. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेली मुलगी सिल्लोडची असेल, घनसावंगीची असेल, गेवराईची असेल. बारावीपर्यंत तिला एसटीचा मोफत पास होता. अहिल्याबाई होळकर योजनेचा. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो थांबतो आणि सवलतीचा पास काढावा लागतो. रोज ये-जा करायची की रूम करून राहायचं, हा हिशेब घरात मे महिन्यापासून चाललेला असतो. पहाडसिंगपुरा, बेगमपुरा, टीव्ही सेंटर, उस्मानपुरा इथे तिघी-चौघींत एक खोली. मेस लावायची की हाताने करायचं. काहींचा डबा अजूनही सकाळच्या एसटीने गावाहून येतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले: भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. योजना चांगली आहे, अनेकांचं शिक्षण तिच्यावर उभं आहे. पण घरमालक आणि मेसवाला पैसे जुलैतच मागतात, आणि मुलांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतं ते हे की खात्यावर रक्कम यायला फार उशीर होतो.

मग पहिला तास. शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात दिवसाचं वेळापत्रक वर्गाच्या भिंतीवर असायचं. इथे ते मोबाइलवर पीडीएफ म्हणून येतं आणि त्यात विषयांची नावं नसून संक्षेप असतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाला. मेजर, माइनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, शिवाय सहअभ्यासक्रम. एका सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक, एका श्रेयांकाला थिअरीचे १५ तास. एक वर्ष करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोनला पदविका, तीनला पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. धोरणामागचा विचार मला पटतो. इतिहास घेतलेल्या मुलीला आपल्या शाखेबाहेरचं काही शिकता यावं, यात चूक काय आहे? पण ही सगळी मांडणी एफवायच्या मुलीला कोण समजावतं? बहुतेक वेळा ऑफिसच्या खिडकीवरचा कर्मचारी, किंवा नेटकॅफेवाला, जो तिचा फॉर्म भरत असतो. ओपन इलेक्टिव्ह कोणतं घेतलंस, असं विचारलं तर मैत्रिणीने घेतलं तेच, हे उत्तर मी अनेक मुलींकडून ऐकलं. एका मुलाने तर सांगितलं की आपला माइनर विषय कोणता, हे त्याला ऑगस्टच्या मध्यावर कळलं.

आणि तो वर्ग तरी एक कुठे असतो? जुलैत जी मुलं बाकावर बसतात, त्यांतली काही इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगच्या फेऱ्यांची वाट पाहत असतात. फेरी लागली की ती जातात. त्यांच्या जागी उशिरा प्रवेश घेतलेली, पुरवणी परीक्षेत पास झालेली मुलं येतात. दोन श्रेयांकांच्या पेपरला सगळे मिळून ३० तास. त्यांतले आठ-दहा होऊन गेल्यावर आलेल्या मुलासाठी पहिला तास होतच नाही. तो मधूनच बसतो, आणि मधूनच बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही, कारण हे आधी सांगून झालं असेल अशी त्याला भीती असते. शिक्षकांनी मला सांगितलेल्या अडचणींत ही सगळ्यांत वर होती. तरीही उशिरा आलेल्यांसाठी आधीचा भाग वेगळा घ्यावा, अशी सोय मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

शिक्षकांची बाजूही सांगितली पाहिजे. मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना मोबदला तासाचा मिळतो. तास संपल्यावर व्हरांड्यात थांबून मुलाशी बोललेली वीस मिनिटं कुठल्याच बिलात बसत नाहीत. त्यातले कित्येक जण नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले आहेत, आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलवर पळत असतात. नागसेनवनाच्या सुरुवातीच्या काळाचा आधार होता तो विद्यार्थ्याला शिक्षक वर्गाबाहेरही सापडण्याचा. तो आज व्यवस्थेनेच काढून घेतला आहे. हे चांगल्या मनाच्या शिक्षकांनी भरून काढावं, अशी अपेक्षा ठेवणं त्यांच्यावर अन्याय आहे. जागा भरणं हे शासनाचं काम आहे.

वर्गात मुलं येत नाहीत, ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. ती खरी आहे. ऑगस्ट संपता संपता अनेक वर्ग विरळ होतात. मुलं जातात कुठे? काही उस्मानपुरा, औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांत बसलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. महिन्याची फी भरून मिळालेलं एक टेबल, डोक्यावर पंखा आणि शांतता. त्यांना विचारलं तर ती सांगतात की कॉलेज डिग्रीसाठी आहे आणि अभ्यास इथे आहे. काही मुलं कामाला असतात: वाळूजला, दुकानात, डिलिव्हरीला. आणि काही गावाला. जुलै म्हणजे पेरणी आणि कोळपणी, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी. वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग शहरात शिकणारी पोरगी पंधरा दिवस घरी बोलावली जाते. बीडकडची काही मुलं आई-वडील ऊसतोडीला निघतात त्या वेळी घर आणि धाकटी भावंडं सांभाळायला परततात. हजेरीच्या नोंदीत या सगळ्यांसमोर सारखंच गैरहजर लिहिलं जातं. माझी सूचना अशी की हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की नोटीस लावण्याआधी एकदा विचारावं, कुठे होतास? त्या उत्तरावर पुढचं ठरवावं. वेचणीला गेलेल्या मुलीला बुडालेल्या तासांचं टिपण देणं अवघड नाही.

भाषेची भिंत अजून उभी आहे, फक्त तिची जागा सरकली आहे. कला शाखेत मराठीतून शिकता येतं. विज्ञान आणि वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाची अवस्था काय होते, हे प्रयोगशाळेत तासभर उभं राहिलं की दिसतं. तो फळ्यावरचं सगळं उतरवून घेतो, अक्षर सुंदर असतं, आणि समजलं का असं विचारलं तर मान हलवतो. खोलीवर जाऊन तोच भाग तो यूट्यूबवर मराठीतून शोधतो. मला यात कमीपणा दिसत नाही, उलट जिद्द दिसते. पण वर्गातला शिक्षक समोर असताना मुलाला रात्री पडद्यावरच्या अनोळखी माणसाकडून शिकावं लागावं, याचा विचार वर्गाने करायला हवा. मराठीतून शंका विचारली तर चालेल, एवढं एक वाक्य पहिल्याच तासाला मोठ्याने म्हटलं गेलं तरी पुष्कळ हात वर येतील.

पहिल्या महिन्यात हे शहर स्वतःही काही शिकवू शकतं, पण ते आपण वापरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, आवारातच सोनेरी महाल आहे, पाणचक्कीही लांब नाही. शिवाय विद्यापीठाचं प्रवेशद्वार. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या विद्यापीठाचं उद्घाटन झालं. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दर १४ जानेवारीला या दारापुढे हजारो लोक जमतात. ज्याच्या गुणपत्रिकेवर या विद्यापीठाचं नाव येणार आहे, त्या मुलाला सोळा वर्षांच्या या लढ्याची हकीकत पहिल्या सत्रात कुणी सांगत नाही. त्याच्या गावात त्या वेळी काय झालं होतं, हे घरी आजोबांना विचारून ये, एवढा गृहपाठ कोणत्याही विषयाचा शिक्षक देऊ शकतो. ओळखवर्ग म्हणून जो कार्यक्रम होतो, त्यात सत्कार आणि भाषणं असतात. त्याऐवजी तीस मुलांना घेऊन एक सकाळ नागसेनवनापासून लेण्यांपर्यंत चालत गेलं, तर वरच्या वर्गातली मुलं नव्यांशी वाटेत बोलतील, आणि शिक्षकालाही कोण कुठून आलं आहे ते कळेल.

हे सगळं होत नाही असंही नाही. शहरातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवणारे, तासिका तत्त्वावर असलेले एक शिक्षक मला भेटले. ते तासाची शेवटची दहा मिनिटं शिकवत नाहीत. मुलं कागदाच्या तुकड्यावर शंका लिहितात, नाव लिहायची सक्ती नसते, भाषा कोणतीही चालते. सर चिठ्ठ्या गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्यांना उत्तरं देतात. जुलैत एकाही चिठ्ठीवर नाव नव्हतं. अर्ध्या शंका अभ्यासाच्या नव्हत्याच: बोनाफाईड कुठे मिळतं, महाडीबीटीचा फॉर्म परत आला तर काय करायचं, बाहेरचा क्लास लावला नाही तर नापास होईन का. ते त्यांनाही उत्तर देत राहिले. गणपतीनंतर चिठ्ठ्यांत ताळेबंद आणि घसारा येऊ लागले आणि खाली नावंही दिसू लागली. दसऱ्याच्या सुमारास मी विचारलं तेव्हा तीन-चार चिठ्ठ्या अजून निनावी येत होत्या. त्या ते सगळ्यांत आधी उघडतात, असं त्यांनी सांगितलं.